परसातला भुईचाफा

चाफा हे नाव आपल्या लोकांनी फार सढळ हाताने वाटले आहे. देवाला वाहावयाचा सोनचाफा, देवळाच्या आवारातला पांढरा खूरचाफा, मांडवावर चढणारा आणि पिकल्या फळासारखा घमघमणारा हिरवा चाफा, वाटीएवढ्या पांढऱ्या फुलांचा कवठी चाफा, आणि नागचाफा. वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत यांपैकी सोनचाफा आणि कवठी चाफा एवढेच काय ते भाऊबंद ठरतात. खूरचाफा कण्हेरीच्या कुळातला आणि मूळचा अमेरिकेतला, हिरवा चाफा सीताफळाच्या गोतातला, नागचाफा उंडीच्या नात्यातला. पण आपल्या वाडवडिलांनी वंशावळ पाहिली नाही, वास पाहिला. आणि जे जे फूल वासाने मनात भरले त्याला चाफ्याच्या पंक्तीत पाट मांडून दिला.

या पंक्तीच्या अगदी शेवटी, पाटाशिवाय, जमिनीवरच बसलेला एक पाहुणा आहे. त्याला खोड नाही, फांदी नाही, आणि फुलाच्या दिवसांत पानही नाही. होळी उलटून ऊन तापू लागले आणि परसातली माती भाजून निघाली, की एखाद्या सकाळी त्या कोरड्या मातीतूनच फूल वर आलेले दिसते. वरच्या दोन पाकळ्या पांढऱ्या, खालच्या दोन जांभळ्या, आणि वास असा की वाकल्याशिवाय येत नाही, पण एकदा आला की विसरत नाही. हा भुईचाफा. आजच्या लेखाचा विषय हाच आहे. त्याचे कौतुक करावे हा एक हेतू, आणि तो कसा राखावा हे सांगावे हा दुसरा. दुसरा हेतू अधिक निकडीचा आहे.

निकड कसली, ते आधी सांगतो. दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा, बाबाजीपुरा या भागांतले आपले वाडे एकामागून एक उतरले, आणि उरलेले उतरण्याच्या वाटेवर आहेत. वाडा पाडण्याचे काम बहुधा दिवाळीनंतर काढतात, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या आत पाया भरून होतो. निघताना घरची माणसे नक्षीचे खांब उतरवतात, पितळी कड्या मोजून घेतात, तुळशीवृंदावन नव्या जागी कोठे बसेल याची चर्चा करतात. भुईचाफ्याची आठवण कोणालाच होत नाही. कारण त्या महिन्यांत तो दिसतच नाही. मार्गशीर्षात त्याची पाने गळून गेलेली असतात, फुलाला अजून चार महिने अवकाश असतो, आणि सगळे झाड जमिनीखाली वीतभर खोलीच्या आत निजलेले असते. यंत्राचा पंजा येतो, माती उचलतो आणि गाडीत भरतो. तीन पिढ्या जपलेली वस्तू अशी गेली, हे घरच्यांनाही कळत नाही.

आमच्या वाड्याची पाळी येत्या दिवाळीनंतर आहे. तीन वाटण्यांच्या सह्या झाल्या. त्याविषयी माझी तक्रार नाही. कौले गळतात, जिना थोरल्या वहिनींना चढवत नाही, आणि वाशांना लागलेली वाळवी कोणाच्या भावनांकडे पाहत नाही. पण मागील चौकात, विहिरीच्या उत्तरेला, लिंबाच्या सावलीत भुईचाफ्याचा एक वाफा आहे, आणि त्याचे काय करावयाचे याचा विचार दिवाळीनंतर करून चालणार नाही. तो आता, फुलांच्याच दिवसांत करावयाचा आहे. बडोद्यातल्या आणखी कित्येक घरांत हीच स्थिती असली पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

राजबागा आणि परसू

बडोद्याला बागांचे प्रेम नवे नाही. सयाजीबाग, जिला आपण अजून कमाटीबागच म्हणतो, ती १८७९ सालची. क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात काम केलेला क्रुंबिगेल नावाचा जर्मन उद्यानज्ञ १८९३ साली हिंदुस्थानात आला आणि बडोद्याच्या राजबागांचा अधिकारी झाला. पुढे म्हैसूर संस्थानाने त्याला बोलावून घेतले आणि बंगळूरच्या लालबागेत त्याने नाव मिळवले. अशा माणसांच्या हातून देशोदेशींची झाडे येथे आली. ती मागवलेली, मोजलेली, वहीत नोंदलेली झाडे होती.

परसातली झाडे मात्र दुसऱ्या वाटेने येत. आमच्या घरचा भुईचाफा आजीने तिच्या माहेराहून, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखाकडून आणला असे घरात सांगत. बाळंतपण आटोपून परत येताना लुगड्याच्या पदरात आंबेहळदीचे दोन गड्डे आणि भुईचाफ्याचे तीन. आंबेहळद लोणच्यासाठी, भुईचाफा कशासाठी ते आजीने कोणाला सांगितले नसावे. या गड्ड्यांना पावती नाही, नोंद नाही. एका बाईने दुसरीला दिले, तिने तिसरीला दिले, इतकाच त्यांचा दप्तरखाना.

आमचे आजोबा दरबारचे गवई. ज्या खात्याला 'कलावंत कारखाना' म्हणत त्या खात्यातून त्यांचा तनखा येई. वडील कोवळ्या वयातच आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसू लागले आणि दरबारच्या हजेरीपटावर त्यांचेही नाव चढले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीचेही नव्हते. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्यात काढले. मला ते उतारवयातच मिळाले. माझ्या आठवणीतले वडील पहाटे खर्ज लावून उठल्यावर पंचा खांद्यावर टाकून मागील चौकात जाणारे आहेत. चैत्रात ते वाफ्यापाशी उकिडवे बसत आणि आज किती फुले आली ते मोजत. सात असली तर घरात येऊन 'सात' एवढेच म्हणत.

फूल आणि त्याचे घराणे

भुईचाफा आल्या-हळदीच्या कुळातला. सोनटक्का, कचोरा, वेलदोडा, पावसाळ्यात डोंगरउतारांवर फुलणारी रानहळद, हे सगळे त्याचे आप्त. या कुळाची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फुलात परागाचा केसर एकच असतो. बाकीच्या केसरांनी आपले मूळचे काम सोडून पाकळ्यांचे रूप घेतलेले असते. भुईचाफ्याच्या ज्या चार शोभिवंत पाकळ्या आपण पाहतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. वरच्या दोन पांढऱ्या आणि खालची दुभंगलेली जांभळी, ही सारी रूप पालटलेल्या केसरांची किमया. खऱ्या पाकळ्या बिचाऱ्या अरुंद, पांढऱ्या फितींसारख्या, मागच्या बाजूला असतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

एका गड्ड्यापासून एका मोसमात चार-सहा फुले येतात, क्वचित अधिक. ती एकदम येत नाहीत. आज एक, उद्या दोन, अशी येतात. प्रत्येक फूल एका दिवसाचे. सकाळी ताजे, दुपारच्या झळांनी मलूल, आणि संध्याकाळी संपलेले. म्हणून हे फूल बाजारात येत नाही. खंडेराव मार्केटात मोगऱ्याचे गजरे मिळतील, गुलाबाचे ढीग मिळतील. भुईचाफा मिळणार नाही. तो ज्याच्या घरी आहे त्यानेच पाहावयाचा, आणि तोही सकाळी उठून.

फुले सरली की थोड्याच दिवसांत पानांचे कोंब येतात आणि पावसाबरोबर वाढतात. पाने तीन-चारच, पण देखणी: वरून हिरव्या रंगावर फिक्या आणि गडद छटांचे पट्टे, खालून जांभळी झाक. हात-दीड हात उंचीची ही पाने सारा पावसाळा वाफा भरून टाकतात. दिवाळीपासून पिवळी पडू लागतात आणि मार्गशीर्षात नाहीशी होतात. फूल आणि पान यांची गाठ जवळजवळ पडतच नाही.

युरोपातल्या विद्वानांनी या फुलाची दखल फार लवकर घेतली. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने जो बारा खंडांचा ग्रंथ सतराव्या शतकाच्या अखेरीस आम्स्टरडॅमला छापवला त्यात त्याचे चित्र आहे. लिनियसने १७५३ साली सगळ्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली तेव्हा एकच केसर असणारी झाडे त्याने सर्वांत आधी घेतली; त्यामुळे भुईचाफा त्या जगप्रसिद्ध पुस्तकाच्या अगदी सुरुवातीच्या पानांत आला. नाव मिळाले 'केम्फेरिया रोटुंडा'. केम्फेर हा जपानात राहून आलेला जर्मन वैद्य, आणि 'रोटुंडा' म्हणजे गोल. त्याच्या गोलसर गड्ड्यावरून.

मला गवयाचा मुलगा म्हणून गंमत वाटते ती सर विल्यम जोन्स याची. कलकत्त्याचा हा न्यायाधीश; १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारा. आपल्या रागांवर इंग्रजीत लिहिलेला त्याचा निबंध १७९२ साली छापून आला, आणि आमच्या पेशातल्या लोकांना तो त्यामुळे ठाऊक असतो. त्याच जोन्सचा निवडक भारतीय वनस्पतींवरील लेख तो वारल्यानंतर, १७९५ साली, प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आरंभीच 'भूचंपक' आहे. रागांची वेळ आणि ऋतू कसे ठरतात याचा विचार करणाऱ्या माणसाला, वर्षात वसंताचे थोडेच दिवस दिसणाऱ्या या फुलाने थांबवावे, यात मला नवल वाटत नाही.

जागा आणि माती

आता लावणीकडे वळतो. भुईचाफा मूळचा झाडांच्या सावलीतला. त्याला सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास मिळाले तर उत्तम; दुपारचे ऊन पानांना सोसत नाही, कडा करपतात. म्हणून घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची बाजू, मोठ्या झाडाची विरळ सावली, किंवा दोन भिंतींमधली अशी जागा की जेथे दुसरे काही फुलत नाही, ती याला द्यावी. सावली म्हणजे अंधार नव्हे, एवढे मात्र पाहावे. वाफ्याजवळ बसून दिवसा दिव्याशिवाय वाचता आले पाहिजे.

बडोद्यात खरी अडचण मातीची. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भुईचाफ्याला पावसात ओल हवी, पण साचलेले पाणी नको, गड्डा कुजतो. म्हणून वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा. निम्मी माती, पाव हिस्सा वाळू आणि पाव हिस्सा कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत, त्यात जुने शेणखत मूठ-दोन मूठ, हे प्रमाण आमच्याकडे वर्षानुवर्षे चालले आहे. ताजे शेण कधी घालू नये.

ज्यांना जमीन नाही त्यांनी कुंडी घ्यावी. दहा-बारा इंच तोंडाची, तळाशी भोक असलेली मातीची कुंडी एका गड्ड्याला पुरते. आणि कुंडीचा एक फायदा असा की ती उचलता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या अंगणात तीन दिवस पाणी होते. अंगणातले गड्डे गेले. वरच्या गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवलेल्या दोन कुंड्या वाचल्या, आणि पुढच्या चैत्रात त्यांपैकी एकीला फूल आले.

वर्षाचा क्रम

चैत्रात फुले असताना पाणी बेताचे द्यावे. सकाळी झारीने शिंपडले तरी पुरते. फुले संपल्यावर, वैशाखाच्या अखेरीस किंवा ज्येष्ठ लागता लागता, म्हणजे पानांचा कोंब नुकता डोके काढत असताना, गड्डे काढून वेगळे करण्याची योग्य वेळ असते. खुरपे गड्ड्यापासून वीतभर लांब घालावे, कारण मुळांच्या टोकांना बोरांएवढे गाठोळे लोंबत असतात. हीच त्याची शिदोरी. ती तुटली तर नवे झाड दुबळे होते. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा आणि दोन-तीन गाठोळे राहतील असे वाटे करावे, कापलेल्या जागी राख लावावी, आणि सावलीत दोन दिवस वाळवून दोन इंच खोल, एकमेकांपासून फूटभर अंतरावर लावावे. ही उस्तवार दरवर्षी करू नये. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. गड्ड्यांना किंचित दाटी झालेली आवडते, आणि दाटलेल्या वाफ्यालाच फुले अधिक येतात असा आमचा अनुभव आहे.

पावसाळ्यात निराळे काही करावे लागत नाही. पाऊस आठ-दहा दिवस दडी मारून बसला तर पाणी घालावे. हळदीच्या पानाची गुंडाळी करून आत राहणारी अळी या पानांवरही येते. गुंडाळी उलगडून हाताने काढावी, औषधाची गरज पडत नाही. गोगलगाई रात्री कोवळे कोंब खातात. संध्याकाळी कंदील, आता विजेरी, घेऊन फेरी मारली की सापडतात.

दिवाळीनंतर पाने पिवळी होऊ लागतील. येथे नवशिक्यांचा धीर सुटतो. पिवळे पान वाईट दिसते म्हणून ते हिरवे असतानाच कापतात. तसे करू नये. जाता जाता पान आपल्याजवळचे सत्त्व गड्ड्याकडे पोचवत असते. ते आपोआप सुटून हातात येईपर्यंत थांबावे. त्याच सुमारास पाणी हळूहळू कमी करावे, आणि पौष-माघात पूर्ण बंद ठेवावे. वाफ्यातला गड्डा वाफ्यातच राहू द्यावा. कुंडीतला कुंडीतच, पावसाळी झड लागणार नाही आणि मोरीचे पाणी येणार नाही अशा जागी.

आणि खूण करावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण वाफे नाहीसे होतात ते बहुधा रोगाने नव्हे, विस्मरणाने. रिकामी जागा पाहून कोणी तेथे मिरच्या लावतो, कोणी सरपण रचतो, कोणी कुंडीतली माती दुसऱ्या झाडाला घालून टाकतो. वडील वाफ्याच्या चारी कोपऱ्यांवर चार खापऱ्या उपड्या पुरून ठेवीत, आणि मोलकरीण नवी आली की तिला पहिल्या दिवशी चौकात नेऊन त्या दाखवीत. "येथे माणूस झोपला आहे असे समज," ते तिला सांगत.

थांबण्याची विद्या

हे निजलेले महिने हाच भुईचाफा राखण्यातला कठीण भाग आहे. फुलाला पाणी घालावयास सगळे तयार असतात. मातीकडे पाहून 'आत आहे' एवढ्या विश्वासावर तीन-चार महिने काहीही न करणे फारसे कोणाला साधत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना आईने एक कुंडी दिली होती. त्यांना कोरडी कुंडी पाहवेना. पौषात रोज तांब्याभर पाणी, वर मधूनमधून ताकाचे धुणे. चैत्रात उकरून पाहिले तर आत नुसता वास होता. आईने दुसरी कुंडी दिली, आणि देताना सांगितले की ती पलंगाखाली ढकला आणि पाडव्यापर्यंत विसरा. त्या कुंडीला फूल आले. पुढे काकूंनी तिच्या पाच केल्या.

माझ्या पेशात याचा पडताळा नेहमी येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो. कालपर्यंत तारसप्तकात सहज फिरणारा गळा आज मध्यातल्या पंचमावर चिरकतो. आईबाप घाबरतात, वर्षभर शिकवले, स्पर्धा जवळ आली, आता काय? त्यांना वाटते की दुप्पट मेहनत करून घ्यावी. माझे वडील अशा मुलाला वर चढू देत नसत. त्याने खाली, जेवढा सोसेल तेवढाच, हलका सूर लावावा. एरवी तंबोरा छेडावा, तबल्यावर ठेका धरावा, इतरांचे ऐकावे. जोर केला तर गळ्याला कायमची इजा होते. कित्येक पालकांना हे पटत नसे, आणि ते मुलाला दुसरीकडे नेत. वडील त्यांना अडवत नसत. मी आज हेच शिकवतो, आणि माझेही विद्यार्थी जातात. जे थांबतात त्यांचा नवा आवाज वर्ष-दीड वर्षात बसतो, आणि त्याचा पोत पहिल्यापेक्षा निराळा, भरलेला असतो. मधल्या काळात गुरूने काय केले असे विचाराल तर फारसे काही नाही. राखले, एवढेच.

येथे मला कोणी म्हणेल की फुलाची गोष्ट गाण्यावर नेण्याची ही गवयाची खोड आहे. असेल. पण वडिलांनी मला दोन्ही गोष्टी एकाच चौकात शिकवल्या, आणि त्या माझ्या मनात निराळ्या होत नाहीत.

आता काय करावे

ज्यांच्या वाड्याला परसू आहे, आणि विशेषतः ज्यांच्या वाड्याचे कागद झाले आहेत, त्यांनी येत्या पाडव्यापासून महिनाभर रोज सकाळी मागील दारी एक फेरी घालावी. ऊन चढण्यापूर्वी, आठाच्या आत. विहिरीच्या कडेला, न्हाणीघराच्या मागे, जुन्या लिंबा-आंब्याच्या बुडाशी, पालापाचोळा थोडा बाजूला सारून पाहावे. जेथे फूल दिसेल तेथे खापरी किंवा विटेचा तुकडा पुरून ठेवावा. घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असेल तर त्यांना विचारावे. पुष्कळदा वाफा कोठे होता हे फक्त त्यांनाच ठाऊक असते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. फूल नाही दिसले तरी निराश होऊ नये. ज्येष्ठाच्या पहिल्या पावसानंतर पट्ट्यापट्ट्यांची, खालून जांभळट पाने आली तर ती पाहून ओळख पटेल. त्या वेळी काढलेला गड्डाही, मुळांची माती न झाडता कुंडीत बसवला तर, धरतो.

काढलेले सगळे गड्डे एका ठिकाणी लावू नयेत. ही माझी आग्रहाची विनंती आहे. एका घरात पूर येतो, एका घरात माणसे गावाला जातात, एका घरात नवा माळी येतो. पाच घरांत असेल तर कोठे तरी टिकतो. आजीच्या माहेरचा मूळ वाफा आता नाही. तेथे रस्ता रुंद झाला. तो आज जिवंत आहे तो येथे, दुसऱ्या राज्यात, पाचसहाशे किलोमीटर पलीकडे, केवळ तिने पदरात बांधला म्हणून.

आमच्या वाफ्यात अदमासे पंचवीस गड्डे निघावेत. त्यांची वाटणी मी करून ठेवली आहे, आणि वाड्याच्या वाटणीपेक्षा ती लवकर झाली. सहा थोरल्या वहिनींकडे. त्यांच्या नव्या घराला उत्तरेची गॅलरी आहे. सहा आमच्याकडे. चार पुरात अंगण गमावलेल्या विद्यार्थिनीकडे, या वेळी सगळे कुंड्यांत. तीन पुण्याच्या आत्याकडे, दोन शेजारच्या काकूंच्या सुनेकडे. उरलेले, जे कोणी मागेल त्यांच्यासाठी. शिकवणीच्या वेळेत, सकाळी किंवा दिवेलागणीला, कोणीही यावे. सोबत कुंडी आणण्याची गरज नाही, ओल्या फडक्यात बांधून देता येतात.

नेणाऱ्यांना एवढेच आधी सांगून ठेवतो की वेगळा केलेला गड्डा पहिल्या वर्षी फुलेलच असे नाही. आषाढात दोन पाने आली तर समजावे, लागला. ती गळाली तर भिऊ नये. कुंडीवर चार खुणा करून ठेवावी आणि पाणी घालू नये.